वाकणाऱ्यांच्या घरातली कुत्री

आई गेल्यापासून बाबा गावच्या घरात एकटे असतात आणि मी सावंतवाडीला शाळेत शिकवते. माका कोणाची गरज नाय, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते खरं नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मी एक कुत्री घरी आणली. आरोंद्याच्या मैत्रिणीने मासळीबाजारात मार खाताना पाहून ती उचलली होती, पण तिच्याकडे ठेवायला जागा नव्हती. रुळली तर बाबांजवळ राहील, नाहीतर शाळा उघडायच्या आत परत, असं आमचं ठरलं.

आली ती थेट न्हाणीमागे, रचलेल्या लाकडांच्या आड जाऊन बसली. ताटली ठेवून आम्ही आत गेलो की मगच खायची. कुणी जवळ गेलं की दात दाखवायची, नाहीतर जागच्या जागी मुतायची. चपला तेवढ्या निर्भयपणे खाल्ल्या. शेजारच्या काकींनी सल्ला दिला की बांधून घाला आणि दोन फटके द्या, आपोआप वठणीवर येईल. फटके खाऊनच ती अशी झाली होती, हे काकींना सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांची मुलंही त्याच पद्धतीने वाढली आहेत.

मला कोडं उलगडलं ते काजूच्या झाडाखाली. ती आता लांबून का होईना, माझ्या मागे बागेत यायला लागली होती. मी पडलेली बी उचलायला वाकले आणि ती शेपूट पायांत घालून पळाली. थोड्या वेळाने परत आली, मी वाकले, पुन्हा पळाली. आपल्याकडे कुत्रं अंगावर आलं की माणूस आधी वाकतो. दगड हाताला लागला नाही तरी चालतं, कुत्र्याला तेवढं पुरतं. आणि कोकणातल्या घरात न वाकता होतं काय? बी वेचायची, कोकमाचे रातांबे गोळा करायचे, घरापुढचं खळं झाडायचं. बिचारीला दिवसभर दगडच दगड दिसत होते.

मी पडले मास्तरीण, कवायत सुरू केली. तिच्याकडे पाठ करून वाकायचं, चिमूटभर सुकट टाकायची आणि सरळ होऊन पुढे जायचं. सुकटीचा डबा भराभर रिकामा होत होता आणि माझी कंबर बोलत होती. पण हळूहळू ती पळायच्या ऐवजी थांबायला लागली, आणि मग मी वाकले की शेपूट हलवत धावत यायला लागली. काकींनाही तिने माफ केलं.

राहिले बाबा, आणि कुत्री तर त्यांच्यासाठीच होती. बाबांची कंबर वाकलेली आहे, कायमची. चालताना हात गुडघ्यांशी लोंबतात. माझं वाकणं संपतं, त्यांचं संपतच नाही. तिच्या नजरेने पाहिलं तर हा माणूस सकाळपासून दगडच उचलत होता. काठीला ती आणखी घाबरते म्हणून त्यांनी काठी गुपचूप माजघरात नेऊन ठेवली आणि भिंत धरून फिरायला लागले. मी चिडले. पडलात तर कुत्री नाही, मीच उचलायला येणार आहे, असं पुष्कळ बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि काठी घेतली नाही.

पडवीत जमिनीवर बसले की मात्र ती त्यांच्याजवळ यायची, हातातला भाकरीचा तुकडा घ्यायची. ते उठले की न्हाणीमागे.

"बसलंय तर माणूस, उठलंय काय चोर," ते म्हणाले. हसत म्हणाले, पण त्यांना लागलं होतं.

सुट्टी संपत आली. एका सकाळी मी पडवीत रातांबे फोडत बसले होते. समोर खळ्यात बाबा मांडवाच्या खांबाला पाठ लावून उभे होते. दोन्ही हात मागे नेऊन त्यांनी खांब धरला आणि एकेक मणका वर ढकलावा तसे ते सरळ व्हायला लागले. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. माझे वडील एवढे उंच आहेत हे मी विसरूनच गेले होते. मला ओरडायचं होतं, पण ते कोणासाठी चाललंय ते कळलं.

कुत्री बागेतून आली, त्यांना पाहून थबकली आणि जोरजोराने भुंकायला लागली. उभ्या बाबांना पाहून ती आजवर फक्त पळाली होती, कधी भुंकली नव्हती. हा उंच माणूस तिच्या ओळखीचाच नव्हता. बाबांनी जरा वेळ तग धरला. मग हात सुटले आणि धापा टाकत ते पुन्हा वाकले.

भुंकणं थांबलं. ती दबकत पुढे आली, त्यांचे पाय हुंगले. बाबांचा लोंबता हात नेमका तिच्या तोंडाशी होता. तिने तो हुंगला, चाटला आणि तळव्यात नाक खुपसून उभी राहिली.

"तिका मी वाकडोच बरो दिसतंय," बाबा हळूच म्हणाले.

मला रडू आलं. हात पुसले आणि मैत्रिणीला फोन लावून सांगितलं, कुत्री काही परत येत नाही.