मन वळवायला गेलेले काका

आमच्या शेजारच्या काकांशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून फ्रीमाँटमध्ये राहायला आलेला नाही. आला असलाच, तर चार दिवसांत तो गाव सोडून गेला असणार, आणि तोही काकांनीच सुचवलेल्या दुसऱ्या गावी. काका सिव्हिल इंजिनियर. तरुणपणी पुण्याहून इकडे कॅलिफोर्नियात आले, नोकरीभर पूल आणि गटारं बांधली आणि निवृत्त झाल्यावर अंगात उरलेली सगळी ताकद त्यांनी बोलण्यात घातली. त्यांच्या आणि आमच्या टाऊनहाऊसमध्ये एकच भिंत आहे. ती ज्याने बांधली त्याला शेजारी कोण राहायला येणार याची कल्पना नसावी.

काका भांडत नाहीत, आवाज चढवत नाहीत. समोरच्याचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांना त्याचं म्हणणं कळलेलं असतं, आणि ते कुठे चुकतंय तेही. मग ते करंगळीपासून एकेक बोट मोजत मुद्दे मांडायला लागतात. अंगठ्यापर्यंत पोचलेला प्रतिपक्ष मी तरी पाहिलेला नाही. एकदा त्यांच्या दारात सोलर पॅनल विकणारा एक तरुण आला. काकांनी त्याला आत बसवलं, चहा दिला, आणि दीड तासाने तो बाहेर पडला तो पुन्हा कॉलेजात नाव घालायचं ठरवून. पॅनलची माहितीपत्रकं तो टेबलावरच विसरला. आमच्या सोसायटीने दारापुढे कुंड्या ठेवायच्या नाहीत असा नियम केला, तेव्हा काका आपली कढीपत्त्याची कुंडी घेऊनच मीटिंगला गेले. मी मागच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होतो. नियम अजून आहे, पण आता चेअरमनच्याही दारात कढीपत्ता आहे आणि त्याची गोरी बायको काकूंकडून फोडणी शिकून गेली आहे. मंडळाच्या गणपतीत दोन गट पडले की दोन्हीकडून काकांना बोलावणं येतं. ते आले की लोक घाईघाईने समेट करतात, कारण नाहीतर काका समेट घडवून आणतील.

या सगळ्याला काकूंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी तोडगा काढला. तो त्यांनी माझ्या बायकोलाही विश्वासाने सांगितला आहे. हो म्हणायचं आणि आपल्याला हवं ते करायचं.

अशा माणसाला मित्र मिळणं कठीण, पण काकांना मिळाला. तळ्याकाठच्या पायवाटेवर रोज सकाळी एक चिनी आजोबा हात पाठीमागे बांधून फिरायचे. काकाही तसेच हात बांधून फिरतात. एके दिवशी दोघांची चाल जुळली आणि काकांनी इंग्रजीत सुरुवात केली. आजोबांना इंग्रजीचा गंध नाही हे लक्षात आल्यावर काका सरळ मराठीवर आले. “नाहीतरी कळणार नाहीच, मग निदान मला तरी नीट बोलता येईल,” हा त्यांचा त्यावरचा खुलासा. आजोबांचं खरं नाव काकांच्या जिभेला झेपेना, म्हणून त्यांनी त्यांना आप्पा केलं. आजोबांनाही ते चाललं. पुढे पुढे आमच्या गल्लीतली मेक्सिकन पोस्टवाली बाईसुद्धा त्यांना आप्पा म्हणायला लागली.

आठ वर्षं हे चाललं. काका बोलायचे, आप्पा मान डोलवायचे. अधूनमधून आप्पा चिनीत चार वाक्यं बोलायचे, हवेत हाताने काहीतरी आडवं-उभं दाखवायचे आणि पुन्हा गप्प व्हायचे. मग काका घरी येऊन आम्हाला सांगायचे, “आज आप्पाही म्हणाले, या लोकांनी फ्रीवेच्या आधी रेल्वे करायला हवी होती.” आप्पांची मतं काकांच्या मतांशी इतकी तंतोतंत कशी जुळतात, हे आम्ही कधी विचारलं नाही. असा शांत, समजूतदार माणूस आपण आयुष्यात दुसरा पाहिला नाही, असं काका येता-जाता सांगायचे.

आप्पा राहायचे त्यांच्या मुलीकडे, मेईकडे. मेई एका चिप कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. नवरा नाही, एक मुलगा, आणि त्या मुलाला वाढवायला म्हणून तिने बापाला गावाहून आणलं होतं. मुलगा कॉलेजला गेला आणि आप्पांचं इथलं काम संपलं. गेल्या वर्षी पानगळीच्या सुमारास गावाकडे त्यांचा थोरला भाऊ वारला. आप्पा दिवसकार्याला गेले ते परत आलेच नाहीत. मेईने दोनदा तिकीट काढलं, दोनदा त्यांनी कॅन्सल करायला लावलं. भावाची भातखाचरं त्यांनी स्वतःकडे घेतली होती. मार्चमध्ये बांधावरून घसरून पडले आणि हात मोडून घेतला. हे तिला शेजाऱ्याकडून कळलं.

इकडे काकांच्या सकाळी ओस पडल्या होत्या. त्यांनी काही दिवस मला सोबत नेऊन पाहिलं, पण मी मध्येमध्ये बोलतो अशी माझ्याबद्दल तक्रार होती.

मग एका रविवारी मेई काकांकडे आली. मी तिथेच होतो. ती एरवी फार मोजकं बोलणारी बाई, पण त्या दिवशी थांबेना. वर्षभर बाहेर राहिले तर त्यांचं ग्रीन कार्ड जाईल, मग पुन्हा आणणं किती अवघड. बीपी आहे, गुडघे गेलेत, जवळचं मोठं हॉस्पिटल दोन तासांवर. मला दुसरं कुणी नाही, असं ती दोनदा म्हणाली. काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मेई काकांना म्हणाली, “अंकल, तुम्ही कुणालाही कशालाही तयार करता. माझं ते ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. प्लीज, माझ्याबरोबर चला.”

असं बोलावणं काकांना आयुष्यात पहिल्यांदाच येत होतं. लोक त्यांना थांबवायला धडपडतात, इथे कुणीतरी विमानाचं तिकीट काढून बोलायला नेत होतं. काकूंचा गुडघा त्यांना जाऊ देईना, आणि एकट्या काकांना त्या सोडेनात, म्हणून माझी नेमणूक झाली. मलाही ग्रीन कार्ड नुकतंच मिळालं होतं आणि बाहेर जाऊन परत येता येतं हे एकदा करून बघायचंच होतं. विमानात सगळा प्रवास मी आप्पा होतो. काका माझ्यावर मुद्द्यांची तालीम करत होते. चीनचा किनारा दिसायच्या आत मी फ्रीमाँटला परत यायला तयार झालो होतो. मेईने येतानाची चार तिकिटं काढली होती. चौथं आप्पांचं.

आप्पांचं गाव दक्षिण चीनमधल्या डोंगरांत आहे. वेगवान रेल्वे, मग व्हॅन, मग शेवटचा चढ पायी. काळसर लाकडी घरं, कौलांखाली मक्याच्या कणसांच्या जुड्या, अंगणात सुपात वाळत घातलेल्या मिरच्या, आणि खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली पाण्याने भरलेली खाचरं. लावणीचे दिवस होते. तरुण माणसं शहरांत कामाला गेलेली, त्यामुळे गावात सगळे म्हातारे आणि बदकं. इतकं शांत होतं की पाणी एका खाचरातून खालच्या खाचरात पडताना ऐकू यायचं. काकांनी पहिल्या संध्याकाळी अंगणात उभं राहून इकडेतिकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, इथे लोक करतात काय?

आप्पांच्या वहिनी, म्हणजे वारलेल्या भावाची बायको, घर सांभाळत होत्या. काकांचा पहिला पराभव त्यांच्याकडून झाला. पानात काही टाकायचं नाही हे काकांच्या हाडीमांसी भिनलेलं, आणि पाहुण्याची वाटी रिकामी दिसली की ती भरायची ही तिथली रीत. काका भोपळ्याची भाजी निपटून संपवायचे, वहिनी पुन्हा वाढायच्या. काका तेही संपवायचे. मेईने सांगितलं की पुरे झालं असेल तर थोडं शिल्लक ठेवायचं असतं. ते काकांना जमेना. त्यांनी वहिनींना शुद्ध मराठीत, बोटं मोजत, अन्नाच्या नासाडीवर समजावलं. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आणखी एक पळी वाढली. दुसऱ्या दिवशी काकांनी आयुष्यात प्रथमच वाटीत चार शितं टाकली आणि कुणी पाहत नाही ना म्हणून माझ्याकडे पाहिलं.

मुख्य विषय मात्र निघत नव्हता. पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण होता. दुसऱ्या दिवशी सगळं गाव भेटायला आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा खाचरांकडे निघाले, तेव्हा मेई म्हणाली, अंकल, आज बोलाच. आम्ही तिघं त्यांच्या मागून बांधावरून निघालो.

आप्पा बोलत होते. घरातून पाय बाहेर टाकल्यापासून बोलत होते. वरच्या खाचरातल्या माणसाला हाक मारून काहीतरी म्हणाले आणि तो कंबरेवर हात ठेवून हसत सुटला. एका म्हातारीने रोपांची जुडी फेकली, तिला त्यांनी तिथल्या तिथे काहीतरी सुनावलं आणि तिने चिखल उडवला. पुढे पाण्याच्या पाळीवरून एका बोळक्या म्हाताऱ्याशी वाद निघाला. पाट कुणीतरी ढेकूळ घालून बंद केला होता. आप्पा काठी टेकून उभे राहिले आणि असे काही तासायला लागले की आजूबाजूच्या खाचरांतले लोक काम थांबवून ऐकू लागले. म्हाताऱ्याने तोंड उघडलं की आप्पांचं उत्तर तयार. शेवटी म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने ढेकूळ काढलं, आणि दोघांनी मिळून सिगरेट पेटवली. मी मेईला विचारलं, काय म्हणाले? ती लाजून म्हणाली की सगळं सांगता येणार नाही, पण बोलण्यात गावात कुणी त्यांच्या नादी लागत नाही, पहिल्यापासूनच.

काका बांधावर उभे होते. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.

“अरे,” ते मला म्हणाले, “तिकडे ते गप्प असायचे, तो मला त्यांचा स्वभाव वाटला. मला कुणी आठ वर्षं असं गप्प बसवलं असतं तर मी मेलो असतो रे.”

दुपारी घरासमोरच्या बाकावर मेईने दोघांना शेजारी बसवलं आणि स्वतः समोर स्टूल घेऊन बसली. तिला घाम आला होता. अंकल, तुम्ही सांगा, मी शब्दन्‌शब्द पोचवते, असं ती म्हणाली. मी काकांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. मग काकांनी एवढंच विचारायला सांगितलं, की तळ्यावर फिरताना तुम्ही मला अधूनमधून काय सांगत होता?

आप्पा हसले आणि बोलू लागले. मेई थांबतथांबत इंग्रजीत सांगत होती. ते म्हणतात, तळ्याची फेरी होईपर्यंत मी यांना गावातून फिरवून आणायचो. आज कुणाच्या खाचरात पाणी सोडलं असेल, कुठली रोपं काढायला आली असतील, भावाने म्हैस कुठे बांधली असेल. नातवाला त्यात गोडी नव्हती. मुलीला वेळ नव्हता. इथपर्यंत आल्यावर मेईने पाण्याचा घोट घेतला आणि उरलेलं वाक्य पुरं केलं. हा एकच माणूस होता, ज्याला मी सांगायचो.

काकांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “मेई, त्यांना सांग, मी एकदासुद्धा ऐकलं नाही. मी माझंच बोलत होतो.”

तिने सांगितलं. आप्पांनी काकांच्या गुडघ्यावर थाप मारली. मेई एकाच वेळी रडत आणि हसत होती.

“ते म्हणतात, मला माहीत आहे. मी तरी तुमचं कुठे ऐकत होतो?”

दोघे म्हातारे इतके हसले की वहिनी आतून पळी घेऊन बाहेर आल्या. त्या दुपारी फ्रीमाँटचं नाव कुणी काढलं नाही. थोड्या वेळाने मेई बापाजवळ जाऊन बसली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. काय ते आम्ही विचारलं नाही. संध्याकाळी ती वहिनींना बीपीचं मशीन कसं लावायचं ते शिकवत होती. चौथं तिकीट तिने कॅन्सल केलं. येताना विमानात काकांच्या शेजारची सीट रिकामी होती आणि सबंध प्रवासात त्यांनी माझ्याशी एकही मुद्दा काढला नाही. मला करमेना.

तसे काका सुधारलेले वगैरे नाहीत. परवाच त्यांनी माझ्या बायकोला नवी गाडी घेण्यापासून परावृत्त केलं. पण सकाळची फेरी त्यांनी बंद केली आहे. ते आता संध्याकाळी तळ्यावर जातात, कारण तेव्हा आप्पांकडे सकाळ असते. फोन तोंडासमोर धरलेला असतो. पलीकडे आप्पा बांधावरून चाललेले असतात. मागे बदकं दिसतात, खाचरं दिसतात, आणि आप्पा अखंड बोलत असतात. काकांना त्यातला एक शब्दही कळत नाही. मध्ये ते हूं म्हणतात, बाकी गप्प. काकूंना एकदा मी म्हटलं, काका किती छान ऐकतात हो. त्या म्हणाल्या, हो ना, आणि पदराला हात पुसत खिडकीतून तळ्याकडे बघत राहिल्या.

काल मी ऑफिसातून येताना गाडी थांबवून त्यांना लांबूनच पाहिलं. मला त्यांचा हेवा वाटला, आणि थोडं वाईटही वाटलं. आता या दोघांची प्रत्यक्ष भेट होईल असं नाही. आप्पा चढावर दम घ्यायला थांबले असावेत, कारण काकाही वाटेत थांबले होते. मागून येणारे लोक त्यांना वळसा घालून पुढे जात होते.