दुबार शुक्री

रोज सकाळी डोळे उघडण्याआधी शुक्री स्वतःला हाक मारायची. हलकेच म्हणायची, "शुक्री," आणि मग आपणच, "ओ." झोपेत जीव फिरायला जातो, तो आपल्याच घरी परत आलाय ना हे बघून घ्यावं, असं तिचं म्हणणं. तिचा नवरा हाल्या कूस बदलून म्हणे, "आलीस ना? मग चहा टाक."

२०१८च्या दिवाळीनंतर शाळेतल्या सुषमाबाई मतदार यादी घेऊन गंजाडच्या पाड्यावर आल्या. यादीत शुक्री दोनदा होती. नाव तेच, वय तेच, नवरा तोच. फोटोही तोच, एक डोळा अर्धा मिटलेला. करणी शुक्रीचीच. पाड्यावर एकदा नाव नोंदवून झालं होतं. पण डहाणूच्या बाजारात नोंदणीच्या टेबलाजवळ पंखा दिसला म्हणून ती तिथं बसली, आणि बसलोच आहोत तर विचारतील ते सांगत गेली. उरलेला फोटोही देऊन आली.

"एक नाव दुबार आहे, मावशी. कापावं लागेल. इथं अंगठा द्या."

"त्यातली मी कुठली?"

"दोन्ही तुम्हीच."

"मग कापाल ती पण मीच."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. शुक्रीला खरंच घाम फुटला होता. कापताना आपण चुकून कापलेल्या बाजूला राहिलो तर?

"चिमटा काढून बघा," बाई म्हणाल्या. "दुखलं की तुम्ही इथंच."

शुक्रीने काढला. दुखलं. तिचा चेहरा उजळला.

"तिकडचीला पण दुखलंच असेल," हाल्या खाटेवरून म्हणाला.

"तू गप. दोघी मिळाल्या तर एक शेतावर, एक चुलीपाशी, एवढंच तुझ्या डोक्यात."

"नको गं. एकीचं ऐकूनच कान दुखतात."

बाई आठ दिवसांत तीनदा येऊन गेल्या. शुक्री अंगठा पदरात लपवून बसायची. भात झोडताना तिच्या मनात तीच दुसरी असायची. हाल्यापासून गूळ कुठं लपवलाय हे तिलाही माहीत. लहानपणी नदीत गेलेली बांगडी तिलाही आठवत असणार. तिला काही म्हणजे काही सांगावं लागणार नव्हतं. अशी मैत्रीण जन्मात मिळाली नव्हती, आणि आता तिलाच घालवायची होती.

शेवटच्या मुदतीला बाई आल्या तेव्हा दोन ताटं वाढलेली होती. तांदळाची भाकरी आणि वरोरच्या किनाऱ्यावरचं सुकट.

"जाणारी उपाशी जायला नको," शुक्री म्हणाली.

पहिल्या ताटावर ती पाहुणीसारखी बसली. लाजत जेवली. दुसऱ्या भाकरीला नको नको म्हणाली, मग आपणच आग्रह करून वाढली. हात धुऊन ती समोरच्या ताटावर गेली आणि घरच्यासारखी भराभर जेवली.

"दोन्ही वाटे तूच खाल्लेस," हाल्या म्हणाला.

"तिचं तिनं खाल्लं. मोजतोस काय?"

मग तिने डावा अंगठा पुढे केला. डोळे घट्ट मिटले. बाईंनी शाई लावून तो कागदावर टेकवला. शुक्रीचे डोळे मिटलेलेच. शेवटी बाईंनीच वाकून विचारलं, "मावशी, आहात ना?"

शुक्रीने आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. पोटावरून हात फिरवला.

"पोटाला तडस लागलीय," ती म्हणाली. "ओवा आहे का तुमच्याकडं?"