जवळचा विमानतळ

आमच्या शेजारच्या गाळ्यातले तिकीटमामा जन्मभर लोकांना विमानात बसवत आले, पण स्वतः कधी विमानात चढले नव्हते. माझं चष्म्यांचं दुकान. दोन्ही गाळ्यांच्या मध्ये नुसत्या फळ्या, त्यामुळे त्यांच्या गिऱ्हाइकांची भांडणं मला बसल्या जागी ऐकायला मिळत. "मामा, दिव्याखाली अंधार!" असं मी चिडवलं की ते म्हणायचे, "तुझे तरी डोळे कुठे धड आहेत?"

मामांची एक खोड होती. गिऱ्हाईक आलं की ते तारीख नंतर विचारत. आधी विचारत, "तिकडे तुमचं कोण असतं? राहतं कुठे?" मग भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवून त्या माणसाच्या घराला सगळ्यात जवळचा विमानतळ शोधत. लोकांना मोठा विमानतळ हवा असे. सरळ विमान, चकचकीत दुकानं. मामा अडून बसत. "दुकानं बघायला चाललाय की लेकीला? तिथून पुढे दिवसभर बसमध्ये हाडं खिळखिळी होतील. वाटेत एकदा विमान बदला आणि लहान विमानतळावर उतरा. लेक समोर!" कितीतरी गिऱ्हाइकं तणतणत दुसरीकडे गेली, पण मामा आपला हेका सोडत नसत.

मामांची धाकटी बहीण, चिमी, लग्न होऊन परदेशी गेली होती. नवरा वारल्यावर ती तिथेच शिवणकाम करून एकटी राहत होती. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि फळ्यांपलीकडून मामांचं हसणं ऐकू यायचं. "ये ना रे दादा एकदा," ती म्हणायची. "येतो गं, एवढा हंगाम सरू दे." हंगाम काही सरत नव्हता. एका रविवारी मात्र हसणं ऐकू आलं नाही, म्हणून मी पलीकडे डोकावलो. मामा फोन हातात धरून बसले होते. "चिमीचं हृदय थकलंय रे. डॉक्टरांनी जिनासुद्धा चढू नको म्हणून सांगितलंय. आता गेलं पाहिजे."

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं तिकीट काढलं. आपल्याच नियमाने, लहान विमानतळाचं. तिचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं.

"तुम्ही विमान बदलणार?" मी म्हणालो. "बँकेत गेलात तर बाहेर यायचं दार सापडत नाही तुम्हाला!"

मामा हसले आणि त्यांनी माझ्यासमोरच बहिणीला फोन लावून येण्याचा दिवस सांगितला.

"कुठे उतरणार रे दादा?"

"तुला काय करायचंय? तू घराबाहेर पाऊल टाकायचं नाहीस. मी येऊन बेल वाजवतो."

"बरं बाबा. नाही येत."

फोन ठेवून मामा मला म्हणाले, "नाव सांगितलं असतं तर आली असती घ्यायला. ओळखतो मी तिला." मलाही ते शहाणपणाचंच वाटलं.

पुढचं त्यांनी मला तुकड्यातुकड्याने सांगितलं, तेही नकाशाकडे तोंड करून. विमान त्यांनी न चुकता बदललं. लहान विमानतळावर उतरले, तिच्या दाराशी गेले, बेल वाजवली. कोणी उघडेना. फोन लावला, तर तो आतच वाजत राहिला. शेवटी शेजारीण बाहेर आली.

"ती तर पहाटेच्याच बसने मोठ्या विमानतळावर गेली. तुमच्याकडचं विमान तिथेच येतं ना? म्हणाली, दादा पहिल्यांदाच येतोय, त्या गर्दीत हरवेल बिचारा. आम्ही किती नको म्हटलं, पण ऐकेल तर शपथ."

मामा आल्या पावली निघाले आणि मिळेल ती बस धरली. लोकांना नको म्हणून सांगायचे तोच रस्ता, तीच हाडं खिळखिळी करणारी बस. तिकडे मोठ्या विमानतळावर आपल्याकडचं विमान रिकामं झालं तरी चिमी दारातून हलली नव्हती. "आमचा दादा आत कुठेतरी चुकलाय, बघा ना जरा," असं दिसेल त्याला सांगत राहिली आणि तिथेच कोसळली. मामा पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. तिची पिशवी तेवढी हातात मिळाली. पिशवीत एक पुठ्ठा होता, त्यावर मराठीत मोठ्ठं 'दादा' लिहिलेलं. ते ज्याच्यासाठी लिहिलं होतं, तो माणूस दुसऱ्याच विमानतळावर उतरला होता.

परत आल्यावर मामा तो नकाशा काढून टाकतील असं मला वाटलं होतं. काढला नाही. अजून ते जवळचाच विमानतळ शोधून देतात, पण पूर्वीसारखे भांडत नाहीत. भांडण ऐकू येत नाही त्या दिवशी मला करमत नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तिकीट झालं की ते गिऱ्हाइकाच्या हातात न देता फोन पुढे सरकवतात. "लावा."

"घरी गेल्यावर सांगतो ना."

"इथेच लावा. कुठे उतरणार ते सांगा. मला ऐकू द्या."

परवा एक बाई आल्या होत्या, भावाकडे निघालेल्या. त्यांनी फोन लावला, बोलल्या आणि हसत ठेवला. "त्याला कामं आहेत म्हणे. घ्यायला येणार नाही, माझी मीच जाईन."

पलीकडे फोन पुन्हा पुढे सरकवल्याचा आवाज आला.

"येणार नाही म्हणाले ना?" मामा म्हणाले. "म्हणजे येतील. पुन्हा लावा, आणि विमानतळाचं नाव नीट सांगा त्यांना."