विहीणबाईंसाठी इंग्रजी

मी उज्जैनच्या पोरांना चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि एकानेही तक्रार केली नाही. (पास किती झाले, ते विचारू नका!)

त्यामुळे आमची मधुरा फोनवर म्हणाली, "बाबा, माझ्या होणाऱ्या सासूबाईंना घेऊन येतेय. त्यांना आपलं घर परकं वाटू नये, एवढंच बघा," तेव्हा मी लगेच कामाला लागलो. होणारा जावई शिकागोचा गोरा, म्हणजे विहीणबाई अमेरिकन! तिथे आपलं इंग्रजी कुठलं चालायला? स्वयंपाकघरात तक्ताच लावला. बिस्किट नव्हे, कुकी. टॅप नव्हे, फॉसेट. टॉर्च नव्हे, फ्लॅशलाइट.

"मी बिस्किटाला बिस्किटच म्हणणार," आमची सुमन पोहे चाळता चाळता म्हणाली. "फालतू झंझट नको."

"अगं, पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे!"

महिनाभर मी कसून सराव केला. शेजारच्या तिवारीजींपुढे बशी धरून "कुकी?" म्हणालो. ते बिचारे म्हणाले, "आज रहने दो साहब, बिस्किट ही दे दो."

मार्गारेटबाई आल्या. मी कुकी दिली, फॉसेट दाखवला. बाईंचा चेहरा पडतच गेला! मधुराने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि तक्ता बघून कपाळावर हात मारला.

"बाबा! शिकागोला मुलगा नोकरी करतो. त्या जन्मभर इंग्लंडात राहिल्यात! तिथे बिस्किटच म्हणतात, टॉर्चच म्हणतात. त्या मला विचारताहेत, तुझे वडील माझ्याशी असे परक्यासारखे का बोलतात?"

"मग आधी सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

संध्याकाळी रामघाटावर आरती झाली आणि नेमकी लाइट गेली. बाई पायरीवरच थबकल्या. मला धीर द्यायचा होता, पण महिनाभर घोटल्यावर जुना शब्द आठवेल तर शपथ! "फ्लॅश... नाही... फॉसेट... कुकी!" मी ओरडलो.

"अहो, सरका!" सुमनने पिशवीतून टॉर्च काढून लावला, बाईंचा हात धरला. "टॉर्च इज हिअर. स्लोली कम. देअर टॅप, वॉश फीट. देन बिस्किट."

"ओह, बिस्किट! लव्हली!" म्हणत बाई तिला अशा बिलगल्या की जणू बालमैत्रीण भेटली. बापरे! सुमन अकरावीला इंग्रजीत दोनदा बसलेली. मी तिच्याकडे थक्क होऊन बघतच राहिलो. मधुरा तर आनंदाने रडायलाच लागली.

परतताना मार्गारेटबाईंनी मला प्रेमाने विचारलं, "तुम्ही इंग्रजी कधीपासून शिकताय?"

सुमनकडे बोट दाखवून मी म्हणालो, "आजपासून. या बाईंकडे."