मुलगा काय करतो?

सावेडीत आमच्या वरच्या खोलीत एक अफगाण तरुण राहतो. शेतकीचं शिकायला आला होता. शिक्षण संपेपर्यंत तिकडची राजवट पालटली आणि परत जायची सोय उरली नाही. मग त्याने दिल्लीच्या निर्वासितांच्या कचेरीत आसरा मागितला. निकाल अजून लागायचाय. तोवर त्याने राहावं, जेवावं, श्वास घ्यावा. पगार मात्र घेऊ नये.

आमच्या कॉलनीचे अध्यक्ष कायद्याचे फार पक्के. स्वतःच्या गच्चीवर दोन खोल्या विनापरवाना चढवल्यात, पण ते वेगळं. ते म्हणाले, "त्याला कामावर ठेवणं बेकायदा. मदतीला बोलवायला काय हरकत आहे?" झालं! सगळ्या कॉलनीला एकदम मदतीची निकड भासू लागली. कुणाच्या मुलीचं गणित, कुणाच्या सासऱ्यांचा दवाखाना, पाण्याच्या टाक्या, गणपतीचा मंडप. बदल्यात पुरणपोळी आणि वर "तू तर आमच्या घरातलाच" हे प्रशस्तिपत्र. घरच्या माणसाला पगार कोण देतो?

त्याला मात्र नोकरी हवीच होती. तिकडे त्याचं लग्न ठरलेलं. होणारा सासरा फोनवर एकच विचारायचा, मुलगा काय करतो? मला आधी हसू आलं, मुलीचे बाप इथूनतिथून सारखेच म्हणून. पण ईदपर्यंत नोकरी लागली नाही तर दुसरं स्थळ बघू, असा निरोप आला तेव्हा पोरगा दोन दिवस जेवला नाही.

माझ्या भावाची गावाकडे, बेलापूरला, डाळिंबाची बाग आहे. याचा डाळिंबावर हात बसलेला, म्हणून मी शब्द टाकला. भावाने त्याला छाटणीला नेलं. आठवडाअखेर मजुरी द्यायची वेळ आली तशी भावाला पोलीस आठवले.

"ताई, उद्या कुनी इचारलं तर काय सांगू? मजूर म्हनून न्हाई ठिवता येत. पाव्हना म्हनून रोज येऊ दे की. मानूस लई गुनाचा हाय."

"मग पाहुण्याला बसव की ओट्यावर. कात्री कशाला देतोस हातात?" मी म्हटलं.

"आता पाव्हन्याला मजुरी द्यायची म्हंजे त्याचा अपमानच न्हाई का?"

माझा भाऊ शाळेत एवढा हुशार नव्हता.

सव्वीस जानेवारीला कॉलनीने कहर केला. झेंडावंदनानंतर त्याचा सत्कार! शाल, श्रीफळ, गुच्छ. आमच्याकडे एखाद्याला काही द्यायचं नसलं की शाल देतात. अध्यक्ष त्याच्या सेवाभावावर इतकं बोलले की ऊन डोक्यावर आलं. मग फोटो निघाला, मधे हा आणि दोन्ही बाजूंना ज्यांच्या टाक्या तो धुतो ते सगळे. अध्यक्ष म्हणाले, "हा सासऱ्यांना पाठव. बघू दे त्यांना, इथं काय मान आहे तुला!" आणि त्या भोळ्याने खरंच पाठवला.

संध्याकाळी मी चहा घेऊन वर गेले. शाल घडी करून खुर्चीवर ठेवली होती.

"काय म्हणाले सासरे?"

"विचारलं, यातला तुझा मालक कोणता? मी म्हटलं, एकही नाही."

ईदनंतर मुलीचं दुसरीकडे ठरलं. मला इतका संताप आला की अध्यक्षांच्या घरचं हळदीकुंकवाचं बोलावणं मी तोंडावर नाकारलं. त्याला विचारलं, असा कोण मोठा साहेब मिळाला त्यांना?

"साहेब नाही, काकू. जर्मनीत हॉटेलात भांडी घासतो. तोही माझ्यासारखाच आसरा मागून राहिलेला. त्याचाही निकाल अजून लागलेला नाही. पण तिथं तोवर काम करू देतात."