ढोलकी थांबवू नका

देवरावांचं नाव काढलं की अजूनही माझं डोकं फिरतं. इथल्या स्टील प्लांटमधून मोठे अधिकारी म्हणून निवृत्त झाले, पण आमच्या मराठी मंडळाचं अध्यक्षपद काही त्यांना सुटत नाही.

शेवंताबाई मूळची गोंदियाकडची. टाउनशिपच्या सिव्हिक सेंटरजवळ दोरीवर चालायची आणि तिचा नवरा राजकुमार खाली ढोलकी वाजवायचा. सगळा खेळ त्या ठेक्यावर. ठेका ऐकून तिचं पाऊल पडायचं. मंडळाच्या वर्धापनदिनाला तिला बोलवायचं ठरलं, तेव्हा निरोप घेऊन मीच गेलो. तिने एकच अट घातली.

"भाऊ, मी वर असली का ढोलकी बंद होऊ देऊ नोका. बाकी तुमचं तुमी पाहा."

आम्ही काय पाहिलं? तिला म्हणायचं काय, ते. 'डोंबारीण' नको म्हणे, अपमान होतो. हेच लोक घरी पोरांवर 'डोंबाऱ्यासारख्या उड्या मारू नको' म्हणून ओरडतात. मीही ओरडलोय. कसरतपटू, नटी, ॲक्रोबॅट करत दोन बैठका खाल्ल्या. शेवटी देवरावांनी 'संतुलन कलावंत' काढलं आणि स्वतःवरच खूश झाले. तिची अट मी सांगितली, ती कोणी लिहूनही घेतली नाही.

कार्यक्रमात ती दोरीच्या मधोमध पोचली, टाळ्या पडल्या, आणि देवराव माईक घेऊन उठले. त्यांनी सरळ राजकुमारच्या ढोलकीवर हात ठेवला. "या आमच्या संतुलन कलावंत..."

मी पहिल्याच रांगेत होतो. ओरडायला हवं होतं. पण साहेब बोलताना मध्ये बोलायचं नाही, ही माझी तीस वर्षांच्या कारकुनीची सवय. लाज वाटते सांगायला, तोंड उघडलंच नाही. तिचं उचललेलं पाऊल तसंच राहिलं, हातातला बांबू कलला आणि ती खाली आली.

पाय दोन ठिकाणी मोडला. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण जमिनीवर.

आठवड्याने देवराव मला घेऊन दवाखान्यात गेले. फ्रेम केलेलं सन्मानपत्र त्यांनी खाटेशी उभं राहून मोठ्याने वाचलं. शेवंताबाईने सगळं ऐकून घेतलं. त्यांच्याकडे तिने पाहिलंही नाही, ती माझ्याकडे पाहत होती.

"मले डोंबारीन म्हना, काही बी म्हना, भाऊ," ती म्हणाली. "मी तुमाले एकच गोष्ट सांगतली होती."