रईसाबाईंचा हलका हात

रईसाबाईंच्या हाताची ख्याती अशी, की अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला बाया दोन रिकाम्या रांगा सोडून त्यांच्याच रांगेत उभ्या राहायच्या. "टोचलं का नाही तेच समजत नाही वं माय," असं सांगत घरी जायच्या. बावीस वर्षं हे ऐकून कोणाला गर्व होणार नाही? रईसाबाईंना झाला होता, आणि त्यांनी तो कधी लपवलाही नाही. नव्या नर्सेसना सरळ म्हणायच्या, "पोरींनो, ढोराले टोचून राहिल्या का? हात सोडा जरा."

ती दोन हजार आठ-नऊची सालं. खेड्याखेड्यांतून माणसं आतून खचत चालली होती आणि मानसोपचाराच्या ओपीडीत बसायला बाक पुरत नव्हते. तिथंच, रईसाबाईंच्या रांगेत, पातूरकडची ललिता यायची. कोणी नसताना तिला आवाज ऐकू यायचे, घरचे आपल्या जिवावर उठलेत असं वाटायचं. महिन्यातून एकदा कमरेखाली तेलकट औषधाचं इंजेक्शन घेतलं की महिना निभायला हवा. पण पंधरा दिवसांत आवाज परत! त्यात सुईला ती मरणाची भ्यायची. रईसाबाई रजेवर होत्या तेव्हा एकदा थेट बसस्टँडपर्यंत पळाली होती.

औषध लागू का पडत नाही? रईसाबाईंनी निकाल देऊन टाकला. दोष सासूचा. भर ओपीडीत त्यांनी भागीरथाबाईंना झापलं, "मी बराबर टोचून राहिली. तुमीच तिले घरी सुखानं जगू देत नसान!" म्हातारीनं पदरानं तोंड पुसून सुनेचा हात धरला आणि एसटीकडे निघाली.

मग ओपीडीत नव्यानं आल्या डॉक्टर नीलम. टोचलेलं औषध अंगात जातं कुठं, हे त्यांना सोनोग्राफीवर पाहायचं होतं. ललिता आणि भागीरथाबाई दोघी राजी झाल्या. रईसाबाईंनी नेहमीसारखं टोचलं, ललिता नेहमीसारखी हसली. डॉक्टरांनी त्या जागेवर मशीन फिरवलं. पडद्यावर वर एक जाड थर दिसला, खाली रेघारेघांचा दुसरा.

"वरची चरबी, खाली मांस. औषध मांसात जायला हवं," डॉक्टर म्हणाल्या. औषधाचा डाग वरच्या थरातच पसरला होता. रेघांना शिवलाही नव्हता. "सिस्टर, तुम्ही सुई पूर्ण घालत नाही?"

"घातली तर दुखते ना, मॅडम."

बोलता बोलता त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. म्हणजे बावीस वर्षांचं ते कौतुक अर्ध्यावर थांबलेल्या सुईचं होतं! औषधानं ललिताचं अंग सुटत गेलं, चरबी वाढत गेली, आणि यांना आपल्या हाताचाच अभिमान. या अल्ला! तशाच त्या बाहेर गेल्या आणि बाकावरच्या भागीरथाबाईंसमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"माय, चूक माही होती. तुमाले नाही नाही ते बोलली मी."

"जाऊ द्या बाई," भागीरथाबाई म्हणाल्या. "पण आता दुखलं तर पोरगी यायची नाही. मंग मी काय करू?"

पुढच्या महिन्यात रईसाबाईंनी लांब सुई घेतली. आधी सांगितलं, "ललिते, आज दुखन बरं." ललिताला ती थट्टा वाटली. सुई पुरती आत गेली तशी ती किंचाळली. डॉक्टरांनी पडदा दाखवला, औषध रेघांमध्ये लांब पसरलं होतं. ललिताला त्याचं काय! डोळे भरून ती म्हणाली, "तुमीबी तशाच निघाल्या," आणि मागं न पाहता गेली.

पुढची तारीख आली. रईसाबाईंचं सकाळपासून कामात लक्ष नव्हतं, नजर दारावर. अकराच्या सुमारास ललिता आली. केस नीट विंचरलेले, सासूशी कसल्याशा लुगड्यावरून हुज्जत घालत. महिना निभला होता! रईसाबाई उठल्याच. पण ललितानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती बाजूच्या नर्सच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

लागलं त्यांना ते. खोटं कशाला सांगू, फार लागलं. त्यांनी मान खाली घातली आणि समोरच्या बाईचा केसपेपर ओढला. थोड्या वेळानं बाजूच्या पडद्यामागून आरोळी आली, "मेली वं माय!" मग एक कचकचीत शिवी. मग ललिताचाच रडका आवाज, "सांगा आता, पुढची तारीख कोणती?"